फ्री जॅझ ऐकायचा आणि जमवायचा तो ड्रमर धरून

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९५० च्या दशकातला जॅझ बरीच वर्षं ऐकून झाला आहे. माइल्स डेव्हिस, थेलोनियस मंक, 'अ लव्ह सुप्रीम'पर्यंतचा कोल्ट्रेन मनापासून आवडतो. तिथून पुढे जावं म्हणून तीन रेकॉर्ड घेतल्या: ऑर्नेट कोलमनची 'फ्री जॅझ', कोल्ट्रेनची 'असेन्शन' आणि पीटर ब्रोत्समानची 'मशीन गन'. तिन्ही दहा मिनिटांपलीकडे ऐकवल्या नाहीत. हे संगीत ऐकायचं कसं, जमवायचं काय, आणि मूळ प्रेसिंगसाठी, म्हणजे पहिल्या छपाईच्या प्रतींसाठी, जास्त पैसे मोजावेत का?

तीनही रेकॉर्ड उत्तम आहेत, विकू नका. पण त्यांच्यात एक साम्य आहे आणि तुमची अडचण त्यातच आहे. 'फ्री जॅझ'मध्ये आठ वादक आहेत, 'असेन्शन'मध्ये अकरा, 'मशीन गन'मध्ये पुन्हा आठ. या संगीताच्या जवळपास प्रत्येक यादीत ही तीन नावं वर असतात, कारण इतिहासात ती महत्त्वाची आहेत. इतिहासात महत्त्वाची असलेली गोष्ट पहिल्यांदा ऐकायला योग्य असतेच असं नाही. कान तयार नसताना अकरा माणसांचं एकत्र वादन समोर आलं, तर त्यातून काही निवडून ऐकता येत नाही. सुरुवात दोघातिघांच्या वादनापासून करा. आणि माझं सगळं उत्तर ज्या एका सूचनेवर उभं आहे ती अशी: सॅक्सोफोनच्या मागे जाऊ नका, ड्रमरच्या मागे जा.

फ्री जॅझमध्ये नेमकं काय सुटलं, असं विचारलं की बहुतेक जण सुरावट किंवा कॉर्ड असं उत्तर देतात. ते खरं आहे, पण ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते ती ताल सुटल्यामुळे. बीबॉप या आधीच्या वेगवान शैलीत बास आणि ड्रम चारचे ठोके धरून चालतात, बारा किंवा बत्तीस बारचं (चार-चार ठोक्यांच्या मापांचं) आवर्तन फिरत राहतं, आणि सोलो कितीही गुंतागुंतीचा असला तरी आपण कुठे आहोत हे शरीराला कळत असतं. ते आवर्तन गेलं की सॅक्सोफोनची प्रत्येक ओळ मनमानी वाटू लागते. मग आवर्तनाच्या जागी काय आलं? ते ड्रमर सांगत असतो. त्याचं ऐकलं की बाकीच्यांचं वादन हळूहळू उलगडत जातं.

पहिली पायरी कोलमनचीच घ्या, पण १९५९ ची 'द शेप ऑफ जॅझ टू कम'. चौघेच आहेत: सॅक्सोफोनवर कोलमन, कॉर्नेटवर डॉन चेरी, बासवर चार्ली हेडन आणि ड्रमवर बिली हिगिन्स. पियानो नाही, म्हणजे कॉर्ड दाखवणारं कुणी नाही. पहिलीच रचना 'लोनली वुमन'. तिच्यात हिगिन्सची राइड सिंबल (ठोका धरणारी मोठी झांज) जलद लयीत धावते, हेडनचा बास तिच्याखाली गंभीरपणे रेंगाळतो, आणि दोन्ही फुंकवाद्यांची धून या दोघांच्या वरून विलंबित जाते, कोणत्याही बारमध्ये न अडकता. पहिल्या ऐकण्यात धुनेकडे कान जाईलच. दुसऱ्यांदा फक्त ती सिंबल ऐका. हिगिन्स इथे अजूनही स्विंग वाजवतो, ठोका शाबूत आहे. त्यामुळे तुमच्या ओळखीच्या जॅझमधून इकडे यायला हा सर्वात सोपा पूल आहे.

पुढची पायरी एरिक डॉल्फीची 'आउट टू लंच', ब्लू नोट या लेबलसाठी २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मुद्रित झालेली. ड्रमवर टोनी विल्यम्स, वय अठरा. तो ठोका धरतो, मोडतो, मध्येच पूर्ण सोडून देतो, आणि तरीही लय कुठे आहे हे त्याला ठाऊक असल्याचं प्रत्येक क्षणी जाणवतं. बॉबी हचरसनचं व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) पियानोच्या जागी आहे, त्यामुळे सगळीकडे मोकळी जागा आहे आणि ड्रमचा प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो. डॉल्फी याच वर्षी जून महिन्यात बर्लिनमध्ये वारला.

आता खरी उडी. अल्बर्ट आयलरची 'स्पिरिच्युअल युनिटी', जुलै १९६४, तिघांचं वादन: आयलरचा टेनर सॅक्सोफोन, गॅरी पीकॉकचा बास आणि सनी मरेचे ड्रम. रेकॉर्ड सुमारे अर्ध्या तासाची आहे. मरे ठोका देतच नाही. सिंबलवरचा त्याचा अखंड ध्वनी पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा आहे: मोजता येत नाही, पण सर वाढली की ओसरली हे लगेच कळतं. इथे ऐकायची गोष्ट हीच, घनता. आयलरचा सूर चढतो तेव्हा मरे दाट होतो की विरळ? पीकॉक कोणाबरोबर जातो? 'घोस्ट्स' ही धून या रेकॉर्डवर दोनदा आहे, सुरुवातीला एक आवृत्ती आणि शेवटी दुसरी. धून अगदी साधी, लोकगीतासारखी, एकदा ऐकली की गुणगुणता येते. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐका. तीच धून, तेच तिघे, तोच दिवस, आणि आत घडणारं सगळं वेगळं. मुक्त वादन म्हणजे वाट्टेल ते वाजवणं, हा समज दूर करायला या तुलनेइतकं चांगलं साधन मला माहीत नाही.

हाच मरे १९६२ मध्ये सेसिल टेलरबरोबर कोपनहेगनच्या कॅफे मोंमार्त्रमध्ये वाजवत होता. जिमी लायन्सचा आल्टो सॅक्सोफोन, टेलरचा पियानो आणि मरे. बास नाही. त्या नोव्हेंबरमधलं मुद्रण 'नेफर्टिटी, द ब्युटिफुल वन हॅज कम' या नावाने मिळतं. त्यात ठोका सुटण्याची प्रक्रियाच ऐकू येते, कारण जुन्या स्विंगचे अवशेष अजून वादनात आहेत. मग १९६६ ची टेलरची 'कॉन्किस्टाडोर!' घ्या. दोन रचना, एका बाजूला एक. ड्रमवर अँड्र्यू सिरिल. मरेपेक्षा सिरिल कितीतरी नेमका, प्रत्येक आघात रेखीव. टेलरचा पियानो अवघड वाटत असेल तर सिरिलला धरून ऐका. टेलरच्या हातातून येणारे पुंजके आणि सिरिलचे पुंजके यांच्यातली देवाणघेवाण पकडता आली, की तो पियानो गोंगाट वाटणं थांबतं.

आणि मग 'इंटरस्टेलर स्पेस'. कोल्ट्रेन आणि ड्रमर रशीद अली, फक्त दोघे, २२ फेब्रुवारी १९६७. कोल्ट्रेन त्याच वर्षी जुलैमध्ये गेला आणि ही रेकॉर्ड १९७४ मध्ये बाहेर आली. कोल्ट्रेन छोट्या घंटा हलवतो, मग सॅक्सोफोन उचलतो. रशीद अली एकाच वेळी अनेक वेगांत वाजवतो आणि कोल्ट्रेनला त्यातला कोणताही धरायची मुभा राहते. 'व्हीनस'पासून सुरुवात करा, ती सर्वात शांत आहे. मला विचाराल तर या सगळ्या संगीतातली ही सर्वात स्पष्ट रेकॉर्ड आहे. तिची ख्याती अवघड म्हणून आहे, पण दोनच माणसं वाजवत असल्यामुळे लपण्यासारखं काही नाही.

रागसंगीत ऐकणाऱ्यांना इथे एक फायदा आहे आणि एक तोटा. फायदा असा की कॉर्ड नसल्याने ते बिचकत नाहीत, एका स्वरसमूहाची सावकाश होणारी बढत त्यांना परकी नसते. तोटा असा की कान समेची वाट पाहत राहतो. इथे सम येणार नाही. तिच्या जागी सगळ्यांनी एकत्र येण्याच्या जागा असतात: कुणीतरी धुनेचा तुकडा वाजवून इशारा देतो आणि बाकीचे वळतात. त्या जागा ओळखायला शिका. न्यूयॉर्क आर्ट क्वार्टेटची १९६४ मध्ये मुद्रित झालेली पहिली रेकॉर्ड यासाठी उत्तम आहे. तिच्यातला ड्रमर मिलफर्ड ग्रेव्हज, ज्याने पुढे तबल्याचाही अभ्यास केला, ठोक्याऐवजी वाक्यं वाजवतो, आणि रॉझवेल रडचा ट्रॉम्बोन त्या वाक्यांना उत्तर देतो.

एवढं झाल्यावर तुमच्या त्या तीन रेकॉर्डकडे परत जा. 'फ्री जॅझ' २१ डिसेंबर १९६० ची, दोन चौकड्यांची. डाव्या चॅनलमध्ये कोलमन, चेरी, स्कॉट लाफारो आणि हिगिन्स. उजव्यात डॉल्फी, फ्रेडी हबर्ड, हेडन आणि एड ब्लॅकवेल. अँप्लिफायरचं बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे फिरवा आणि सदतीस मिनिटं फक्त डावी चौकडी ऐका. दुसऱ्या दिवशी उजवी. तिसऱ्या दिवशी दोन्ही. हिगिन्स आणि ब्लॅकवेल यांचे स्वभाव वेगळे ओळखू येऊ लागले, की आठ जणांचा गुंता आपोआप सुटतो. यासाठी स्टिरिओ प्रतच हवी. मोनो प्रतही निघाली होती, संग्राहक तिच्या मागे असतात, पण तिच्यात ही विभागणीच नाही. ऐकण्यासाठी घेणाऱ्याने ती घेऊ नये.

'असेन्शन'मध्ये सामूहिक वादन आणि एकेकट्याचे सोलो आलटून पालटून येतात, आणि ड्रमर एल्विन जोन्सची लाट तळाशी सतत चालू असते. तीच धरून ठेवा. 'मशीन गन' मे १९६८ मध्ये ब्रेमेनच्या लीला ऑयले या क्लबमध्ये मुद्रित झाली. तिच्यात दोन ड्रमर आहेत, हान बेनिंक आणि स्वेन-ओके योहान्सन. पहिल्या आघाताने माणूस हादरतो आणि त्यामुळे त्यात किती गोष्टी आधी ठरवलेल्या आहेत हे लक्षात येत नाही. इशारे आहेत, एकत्र थांबण्याच्या जागा आहेत, शीर्षकरचनेच्या शेवटाकडे चक्क जुन्या रिदम अँड ब्लूजच्या धर्तीचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा, आहे.

ऐकण्याच्या सवयीबद्दल एवढंच सांगतो. हे संगीत पार्श्वभूमीला लावू नका, त्रास होतो आणि दोष संगीताला जातो. एका वेळी एलपीची एकच बाजू ऐका. तीच बाजू आठवड्यात अनेकदा ऐका, दर वेळी वेगळ्या वाद्यावर कान ठेवून. आवाज इतका हवा की बास स्पष्ट कळेल. हळू आवाजात बास आणि लहान टॉम बुडतात आणि वर फक्त किंकाळी उरते. बऱ्याच लोकांनी या संगीताची किंकाळीच ऐकलेली असते.

ड्रमरची सवय झाली की मुद्दाम ड्रम नसलेल्या रेकॉर्डकडे वळा, कारण तेव्हा लय सगळ्यांच्यात कशी विभागली जाते ते कळतं. जिमी जुफ्रीचं त्रिकूट, पॉल ब्ले आणि स्टीव्ह स्वॉलोसह, १९६१ चं. त्यांच्या त्या वर्षीच्या दोन एलपी ईसीएम या लेबलने १९९२ मध्ये एकत्र पुन्हा काढल्या. आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागोची १९६९ मध्ये फ्रान्समध्ये मुद्रित 'पीपल इन सॉरो' ही चाळीस मिनिटांची एकच रचना आहे. तेव्हा त्यांच्याकडे ड्रमर नव्हता. चौघेही घंटा, शिट्ट्या, छोटी तालवाद्यं वाजवतात आणि शांततेतून फार सावकाश एक धून उभी राहते. अँथनी ब्रॅक्स्टनची 'फॉर आल्टो' तर एकट्या आल्टो सॅक्सोफोनची डबल एलपी आहे. ती मात्र सगळ्यात शेवटी घ्या.

आता जमवण्याविषयी. हीच दिशा इथेही चालते. एखादा ड्रमर आवडला की तो ज्या ज्या रेकॉर्डवर आहे त्या शोधा. या संगीतात रेकॉर्ड म्हणजे अमुक दिवशी अमुक खोलीत अमुक माणसं भेटली त्याची नोंद असते, त्यामुळे कव्हरवरच्या नावापेक्षा मागची वादकांची यादी जास्त सांगते. माझ्या संग्रहाची वही वादकांनुसार आहे, प्रत्येक नोंदीत तारीख, जागा आणि सर्व वादक. सनी मरेच्या पानावरून टेलरकडे आणि आयलरकडे जाता येतं, बेनिंकच्या पानावरून डॉल्फीच्या शेवटच्या महिन्यांपासून ब्रोत्समान आणि गिटारवादक डेरेक बेलीपर्यंत.

मूळ प्रेसिंगचं उत्तर लेबल पाहून द्यावं लागतं. ब्लू नोट आणि 'असेन्शन' काढणाऱ्या इंपल्सच्या बाबतीत, परवडत असेल तर, हो. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर स्वतः मास्टर, म्हणजे ज्यावरून पुढच्या प्रती छापतात ती मूळ तबकडी, कापत असे. रेकॉर्डच्या शेवटच्या कोऱ्या पट्ट्यात त्याच्या नावाचा किंवा आरव्हीजी असा शिक्का दिसला तर तो त्याने कापलेला मास्टर आहे. 'आउट टू लंच'च्या पहिल्या प्रेसिंगवर याशिवाय कानासारखी दिसणारी एक खूण असते, ती प्लास्टीलाइट या कारखान्याची. कानाच्या खुणेसाठी लोक भरपूर जादा पैसे देतात. माझं मत: शिक्का आहे पण कान नाही, अशी थोडी नंतरची प्रत घ्यावी. आवाजात फरक फारसा नसतो, किमतीत खूप असतो.

'असेन्शन' घेताना हा कोरा पट्टा नक्की पाहा. मुद्रणाच्या दिवशी रचना दोनदा वाजवली गेली. आधी एक आवृत्ती बाजारात आली, मग कोल्ट्रेनला दुसरी हवी होती म्हणून कॅटलॉग क्रमांक न बदलता ती घातली गेली. कव्हर तेच, आतलं संगीत वेगळं. दुसऱ्या आवृत्तीच्या पट्ट्यात 'एडिशन टू' असं कोरलेलं असतं. सोलोंचा क्रम वेगळा आहे, आणि एल्विन जोन्सचा सोलो फक्त पहिलीत आहे. १९९० च्या दशकापासूनच्या काही सीडींवर दोन्ही मिळतात आणि मी तीच सुचवीन.

एकूणच या संगीतासाठी सीडीला कमी लेखू नका. 'फ्री जॅझ', 'असेन्शन', 'पीपल इन सॉरो' या सलग रचना एलपीवर मधोमध तोडाव्या लागल्या. सीडीवर त्या अखंड आहेत. दुसरं कारण तांत्रिक आहे. एलपीच्या आतल्या कड्यांवर सुईखालून जाणारं अंतर दर फेऱ्याला कमी होत जातं, त्यामुळे तिथे तार सप्तकात चढलेल्या सॅक्सोफोनचा आवाज लवकर फाटतो. आणि या संगीतात कळस नेमका बाजूच्या शेवटी येतो.

जुन्या प्रती घेताना याच कारणाने दिसण्यावर विसंबू नका. रेकॉर्ड चकचकीत असेल, 'व्हीजी प्लस' (चांगल्या स्थितीतली) असं लिहिलेलं असेल, पण पूर्वीच्या मालकाने जड आणि झिजलेल्या सुईने वाजवली असेल तर खाचा आतून खराब झालेल्या असतात आणि ते प्रकाशात दिसत नाही. विक्रेत्याला बाजूचं शेवटचं मिनिट वाजवून दाखवायला सांगा. वरवरच्या बारीक ओरखड्यांची मात्र फार चिंता नको, आयलरच्या रेकॉर्डमध्ये ते बुडून जातात. 'पीपल इन सॉरो' किंवा जुफ्रीच्या बाबतीत उलट आहे: तिथे शांतता हाच मजकूर आहे, म्हणून स्वच्छ प्रत किंवा सीडीच घ्यावी.

छोट्या लेबलांच्या मूळ प्रतींचा प्रश्न वेगळा. 'मशीन गन' ब्रोत्समानने स्वतःच्या ब्रो या लेबलवर तीनशे प्रतींत काढली होती. सन रा या पियानोवादकाच्या सॅटर्न लेबलच्या प्रती मैफिलींत विकल्या जात, कव्हरं बऱ्याचदा हाताने रंगवलेली, एकच रेकॉर्ड कधी एका नावाने तर कधी दुसऱ्या. मिलफर्ड ग्रेव्हज आणि पियानोवादक डॉन पुलन यांनी १९६६ च्या येल विद्यापीठातल्या मैफिलीची रेकॉर्ड स्वतःच काढली, तिचीही काही कव्हरं त्यांनी हाताने रंगवली. या वस्तू सुंदर आहेत, पण त्यांच्या किमती आता संग्रहालयाच्या पातळीवर गेल्या आहेत आणि ऐकण्यासाठी त्यांची गरज नाही. त्यापेक्षा वादकांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना पैसे पोचवणारी पुनर्मुद्रणं शोधा. या लोकांनी स्वतःची लेबलं काढली ती मोठ्या कंपन्यांनी दारात उभं केलं नाही म्हणून. शंभर डॉलरची मूळ प्रत घेतली तर त्यातलं काहीही वादकाकडे जात नाही. अधिकार कोणाकडे आहेत हे न सांगणारी, मास्टर टेप कुठली याचा उल्लेख नसलेली स्वस्त एलपी बहुधा सीडीवरून उतरवलेली असते. ती टाळा. बर्लिनच्या एफएमपी या वादकांच्या लेबलचा बराच मोठा साठा बँडकॅम्पवर चांगल्या दर्जाच्या फाइलींत उपलब्ध आहे, आणि आजचे बहुतेक वादक तिथे थेट विकतात.

एका खरेदीत पुष्कळ ड्रमर ऐकायचे असतील तर 'वाइल्डफ्लॉवर्स'. मे १९७६ मध्ये सॅम रिव्हर्सच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओ रिव्हबीमध्ये अनेक दिवस मैफिली झाल्या, त्यांच्या पाच एलपी निघाल्या आणि नंतर तीन सीडींचा संच आला. इतके वेगवेगळे गट एका जागी, एकाच काळात मुद्रित झालेले सहसा मिळत नाहीत.

त्यानंतर इरेन श्वाइत्सरकडे या. ही स्विस पियानोवादक स्वतःही ड्रम वाजवत असे. १९८० आणि १९९० च्या दशकांत तिने इंटाक्ट या लेबलसाठी एकेका ड्रमरबरोबर फक्त दोघांच्या रेकॉर्ड केल्या: लुई मोहोलो, गुंटर झोमर, अँड्र्यू सिरिल, पिएर फाव्र, हान बेनिंक. पियानो एकच, ड्रमर पाच. मोहोलोबरोबर तिच्या हातात दक्षिण आफ्रिकेतल्या धुना येतात, बेनिंकबरोबर खोडकरपणा येतो. सिरिलची रेकॉर्ड 'कॉन्किस्टाडोर!'च्या लगेच नंतर लावा आणि तोच हात बावीस वर्षांनी काय करतो ते ऐका. पाचांपैकी जो ड्रमर सर्वात जवळचा वाटेल, त्याच्या नावाने वहीत पुढचं पान उघडा.